काउन्सिलसमोरची तीन मिनिटं आणि १७८७ ची राज्यघटना (न्यू जर्सीपुरता धागा)

रारीटनकाठ

वॉशिंग्टनमध्ये काय चाललंय यावर आपल्या ग्रुपांवर रात्री दोनपर्यंत हाणामारी चालते. घरामागच्या मोकळ्या जमिनीवर गोदाम येतंय हे मात्र बुलडोझर आल्यावर कळतं. मग दोनशे जण एकदम काउन्सिलच्या (गावच्या निवडून आलेल्या मंडळाच्या) मीटिंगला जातात, मिळालेल्या तीन मिनिटांत तावातावाने बोलतात, काउन्सिल शांतपणे ऐकून घेते आणि पुढचा विषय घेते. "इथे कोणी ऐकत नाही" म्हणत सगळे घरी. ऐकत नाहीत असं दरवेळी नसतं. बऱ्याचदा आपण चुकीच्या दारावर थाप मारलेली असते.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची जी राज्यघटना लिहिली गेली तिचा गाभा म्हणजे कायदा करणारा, राबवणारा आणि निवाडा देणारा वेगळा ठेवणं. शाळेतल्या पोरांनाही हे पाठ असतं. टाउनशिपमध्येही हीच विभागणी चालते, फक्त तिथे पाट्या लावलेल्या नसतात. म्हणून जाण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: समोरची मंडळी या विषयात कायदा करतायत, राबवतायत की निवाडा देतायत?

ऑर्डिनन्स (गावाचा स्थानिक कायदा) करणं म्हणजे कायदा करणं, ते काउन्सिलचं काम. इथे भावना, मत, नाराजी, सह्यांचे कागद सगळं चालतं. काउन्सिल मेंबरला आधी फोन करा, ईमेल करा, कॉफीला भेटा, काही गैर नाही.

एखाद्या बिल्डरचा ठरावीक अर्ज तपासणं म्हणजे निवाडा. तो प्लॅनिंग बोर्ड किंवा झोनिंग बोर्ड देतं (झोनिंग म्हणजे कुठल्या पट्ट्यात जमिनीचा कोणता वापर चालतो याचे नियम). तिथे साक्ष शपथेवर होते. अर्ज चालू असताना बोर्डाच्या मेंबरला बाहेर गाठून बोलणं म्हणजे खटला चालू असताना न्यायाधीशाच्या घरी जाणं. मेंबर प्रामाणिक असेल तर तो हे उघड करेल आणि कदाचित त्या प्रकरणातून बाजूला होईल. म्हणजे तुम्हाला अनुकूल असलेलं एक मत तुम्हीच घालवलंत.

मंजूर झालेल्या अटी पाळल्या जातायत का, रात्री अकरानंतर ट्रक येतायत का, हे राबवण्याचं काम. ते झोनिंग ऑफिसर, कोड एन्फोर्समेंट आणि पोलिसांचं. तारीख, वेळ, फोटोसकट लेखी तक्रार द्या. ती काउन्सिलसमोर तीन मिनिटं बोलून दाखवली तर फार तर "आम्ही संबंधितांना सांगू" एवढंच ऐकू येईल.

आता ऑर्डिनन्सचा प्रवास. पहिल्या वाचनाला तो फक्त मांडला जातो. पहिलं वाचन आणि अंतिम मंजुरी यांत किमान १० दिवस जावे लागतात, आणि मंजुरीआधी जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. झोनिंगचा असेल तर मधे तो प्लॅनिंग बोर्डाकडे जातो. मास्टर प्लॅनशी (गावाच्या विकास आराखड्याशी) सुसंगत आहे का, यावर अहवाल द्यायला बोर्डाला ३५ दिवस मिळतात. अहवाल विरोधात गेला तरी काउन्सिल पुढे जाऊ शकते, पण मग एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं आणि कारणं ठरावात नोंदवावी लागतात. आपले लोक बहुतेक दुसऱ्या वाचनाच्या, म्हणजे अंतिम मंजुरीच्या, रात्री उगवतात. तोवर मतं ठरलेली असतात. खरा वेळ मधल्या त्या दिवसांत असतो.

खमंग_थालीपीठ

उत्तम धागा. एक बाळबोध शंका. मीटिंगला बोलायला सिटिझन असावं लागतं का? आमच्या सोसायटीत निम्मे लोक एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, तेच सगळ्यात घाबरतात.

मधली_आळी

नाही लागत. पहिल्या घटनादुरुस्तीत सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क आहे, तो मतदारांपुरता राखलेला नाही. न्यू जर्सीत १९७५ च्या ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्टखाली काउन्सिल आणि स्कूल बोर्ड या दोघांना मीटिंगमध्ये लोकांना बोलण्यासाठी वेळ ठेवावाच लागतो. किती मिनिटं ते त्यांनी ठरवायचं. तीन किंवा पाच, गावागणिक वेगळं.

जुनं उदाहरण द्यायचं तर १८८६ चा यिक वो खटला. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागायचा. चिनी मालकांचे सुमारे २०० अर्ज सरसकट फेटाळले गेले, बाकीच्यांचे एक अपवाद सोडून सगळे मंजूर. नियम कागदावर अगदी निर्दोष होता. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्याचं समान संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे, आणि नियम निर्दोष असूनही तो भेदभावाने वापरला तर तो घटनेविरुद्धच. परवाना, परमिट, इन्स्पेक्शन यांत दुजाभाव झाल्यासारखं वाटलं तर हाच आधार आजही पुढे येतो. मात्र "मला वाटतं" एवढ्यावर भागत नाही, दोन याद्या शेजारी ठेवून दाखवावं लागतं.

जे चालत नाही तेही सांगतो, कारण घोटाळे तिथेच होतात.

मत देता येत नाही आणि मतदार म्हणून नावही नोंदवता येत नाही. १९९३ च्या कायद्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवरच मतदार नोंदणी विचारतात. रांगेत कंटाळलेला माणूस स्क्रीनवर "पुढे, पुढे" करत जातो आणि "मी नागरिक आहे" वर टिक होते. १९९६ पासून नागरिकत्वाचा खोटा दावा इमिग्रेशनच्या दृष्टीने अतिशय गंभीर मानतात. ग्रीनकार्ड आणि पुढचं सगळं त्यात अडकू शकतं. चुकून झालंच तर स्वतः पत्र लिहू नका, आधी इमिग्रेशन वकील गाठा.

ज्युरीचं पत्र ग्रीनकार्डवाल्यांनाही येतं. ते कचऱ्यात टाकायचं नाही. "नागरिक नाही" भरून परत पाठवायचं.

निवडणुकीची देणगी ग्रीनकार्डवाला देऊ शकतो. एच-१बी, एल-१, विद्यार्थी देऊ शकत नाहीत, अगदी स्कूल बोर्डाच्या उमेदवारालाही पाच डॉलर नाहीत. नवऱ्याचं ग्रीनकार्ड आणि बायकोचा एच-१बी असेल, तर क्रेडिट कार्ड कोणाच्या नावाचं आहे ते बघून द्या.

टेकडीवरचा_वाडा

हक्क आहे आणि धोका नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लिहा. २०२५ मध्ये विद्यार्थ्यांचे व्हिसा त्यांच्या वक्तव्यांवरून, आंदोलनांवरून रद्द झाले. गोदामाविरुद्ध बोलल्याने कोणाचा व्हिसा जातो असं नाही, पण सगळं छान छान आहे असंही भासवू नका.

दुसरं, ज्या १७८७ ची आरती चाललीये ती लिहिणाऱ्यांतल्या कित्येकांकडे गुलाम होते. प्रतिनिधित्वाच्या हिशोबात गुलाम तीन-पंचमांश धरला आणि गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत हात लावायचा नाही असं घटनेतच लिहिलं. तत्त्वं कसली घेऊन बसलात?

रारीटनकाठ

पहिला मुद्दा मान्य.

दुसऱ्यावर, आरती नाहीच. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून पळालेला. १८५२ मध्ये रॉचेस्टरला ४ जुलैच्या सोहळ्याचे त्याने वाभाडे काढले, आणि त्याच भाषणात घटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हटलं. हत्यार कोणी घडवलं यापेक्षा ते आता कोणाच्या हातात आहे याची त्याला जास्त पर्वा होती. आपल्याकडे जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. आरती म्हणून नव्हे, इथल्या शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत देशबांधवांनी तोच कित्ता गिरवावा म्हणून.

आणि न्यू जर्सीचा धागा आहे म्हणून सांगतो: इथल्या १७७६ च्या राज्यघटनेने वर्षभराचा रहिवास आणि ५० पौंडांची मालमत्ता एवढीच अट घातली होती. मालमत्ता असलेल्या अविवाहित बायका आणि स्वतंत्र काळे लोक इथे मत देत होते. १८०७ मध्ये विधिमंडळाने ते गोऱ्या पुरुष नागरिकांपुरतं केलं. मिळालेलं काढूनही घेतात, ते असं.

पाऊणे_बारा

झोनिंगवर थोडं सविस्तर. साइट प्लॅन, ट्रॅफिक रिपोर्ट वाचायची सवय आहे म्हणून.

तुमच्या घराच्या २०० फुटांच्या आत अर्जाची जमीन असेल तर सुनावणीच्या किमान १० दिवस आधी तुम्हाला नोटीस मिळायला हवी, सर्टिफाइड मेलने किंवा हातात. ही नोटीस मालमत्तेच्या मालकाला जाते, भाडेकरूला नाही. पोस्टमनची ती चिठ्ठी "असेल काहीतरी जाहिरात" म्हणून फ्रिजवर लावून ठेवू नका. नकाशे, रिपोर्ट हेही १० दिवस आधी बघायला खुले असतात. नोटीस सदोष असेल तर बोर्डाला सुनावणी चालवण्याचा अधिकारच राहत नाही. अर्जदाराचा वकील सगळ्यात आधी तेच तपासतो, तुम्हीही तपासा. तारीख, जागेचा ब्लॉक आणि लॉट नंबर (टॅक्स मॅपवरचा भूखंड क्रमांक), काय मागितलंय, कागद कुठे बघायचे, हे सगळं तिथे हवं.

सुनावणीत अर्जदाराचे तज्ज्ञ एकेक करून साक्ष देतात. प्रत्येक साक्षीनंतर लोकांना प्रश्न विचारता येतात. इथे नव्वद टक्के माणसं माती खातात. माइकवर येऊन भाषण सुरू करतात आणि चेअरमन थांबवतो, "प्रश्न विचारा." ट्रॅफिक इंजिनिअरला विचारायचे प्रश्न असे: मोजणी कोणत्या तारखेला केली? शाळा चालू होती का? ट्रक आणि गाड्या वेगळ्या मोजल्या का? गोदामाचा भाडेकरू ठरलेला नसताना फेऱ्यांचा आकडा कशावरून धरला? शीतगृह आलं तर आकडा बदलेल का? पाच छोटे प्रश्न, उत्तरं रेकॉर्डवर. मत मांडायची पाळी शेवटी येते, शपथ घेऊन.

बोर्डासमोर पाचशे सह्यांचा अर्ज नेऊ नका. सही करणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही, त्यामुळे तो पुरावा धरत नाहीत. पाच शेजारी स्वतः येऊन आपापल्या वळणावरचं दृश्य सांगतील तर त्याला वजन येतं. सर्वसाधारण विरोधापेक्षा "माझ्या ड्राइव्हवेतून डावीकडे वळताना कोपऱ्यावर अमुक फुटांपलीकडचं दिसत नाही" हे निकालात उतरतं.

त्या भागात जो वापर मुळात बसतच नाही त्याची परवानगी मागितली असेल तर सात जणांच्या झोनिंग बोर्डात पाच मतं लागतात. चार-तीनने अर्ज पडतो. तेव्हा तीन मेंबरांना शंका वाटणं पुरेसं असतं. बहुमताच्याही वर कुंपण घालायचं ही १७८७ चीच सवय, करार मंजुरीला सेनेटमध्ये दोन-तृतीयांश लागतात तसंच.

शिवणापाणी

आमच्याकडे अर्ज नाहीये, काउन्सिल अख्खा पट्टाच औद्योगिक करतेय. सह्या गोळा करून जनमत घेता येईल का? फॉकनर ॲक्टवालं (गावाच्या कारभारासाठीच्या राज्याच्या एका पर्यायी कायद्याखालचं) गाव आहे.

रारीटनकाठ

अर्ध्या महाराष्ट्र मंडळाने क्लिपबोर्ड घेऊन हिंडण्याआधी थांबा. फॉकनर ॲक्टच्या गावांत ऑर्डिनन्स मंजूर झाल्यापासून २० दिवसांत, विधानसभेच्या मागच्या निवडणुकीत गावात पडलेल्या मतांच्या १५ टक्के सह्या दिल्या तर तो जनमताला जातो. हे खरं आहे. पण झोनिंगच्या ऑर्डिनन्सला हे लागू नाही. राज्याच्या लँड यूज कायद्यातच तशी मनाई आहे.

त्याऐवजी याच कायद्यात एक धारदार तरतूद आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक असते. बदलत असलेल्या पट्ट्यातल्या, किंवा त्याच्या भोवतीच्या २०० फुटांतल्या, २० टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी निषेध टाउनशिपच्या क्लर्ककडे दिला, तर काउन्सिलला साध्या बहुमताने तो ऑर्डिनन्स करता येत नाही. एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतं लागतात. पाच जणांच्या काउन्सिलमध्ये चार, सातमध्ये पाच, नऊमध्ये सहा.

टक्का माणसांचा नाही, क्षेत्रफळाचा. त्यामुळे पाव एकरवाली वीस घरं जमवण्यापेक्षा पाच एकरांचा एक शेतमालक किंवा चर्च सोबत आलं तर काम लवकर होतं. टॅक्स मॅप घ्या, २०० फुटांची रेघ ओढा, प्रत्येक लॉटचं क्षेत्रफळ लिहा, बेरीज करा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या घ्या. ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टीची, कंपनीच्या नावावर असेल तर अधिकार असलेल्या माणसाची. मालक असणं महत्त्वाचं, नागरिक असणं नाही, म्हणजे एच-१बी वाले घरमालक इथे पूर्ण मोजले जातात. २० टक्क्यांवर थांबू नका, २८-३० पर्यंत जा. काही सह्या नावातल्या फरकाने उडतातच: डीडवर (खरेदीखतावर) अख्खं नाव वडिलांच्या नावासकट आणि सही "मंदार के." असली की संपलं.

मतदानाआधी क्लर्ककडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या.

एक खाचखळगा. झोन बदलताना २०० फुटांतल्या मालकांना वैयक्तिक नोटीस जाते, पण बदल मास्टर प्लॅनच्या नियमित फेरतपासणीतून सुचवलेला असेल तर ती जात नाही. म्हणून प्लॅनिंग बोर्डाच्या अजेंड्यावर 'रीएक्झामिनेशन' दिसलं की कान टवकारायचे.

शिवणापाणी

दंडवत. हे मेंबरांनीसुद्धा कधी सांगितलं नाही.

मधली_आळी

ते का सांगतील!

कागद कसे काढायचे तेही लिहून ठेवतो. न्यू जर्सीचा ओप्रा, म्हणजे आपल्याकडच्या माहिती अधिकाराचा चुलतभाऊ. अर्ज लेखी हवा, ईमेल चालतो. क्लर्कला ७ कामाचे दिवस. उत्तरच आलं नाही तर ती नकार धरली जाते. कागदी प्रत साध्या पानाला ५ सेंट, लीगल पानाला ७.

अर्ज उडतात ते लिहिण्याच्या पद्धतीमुळे. "गोदामाबद्दलची सर्व माहिती द्या" हा अर्ज नाहीच. क्लर्कने कागद शोधून द्यायचा असतो, तुमच्यासाठी संशोधन करायचं नसतं. असं लिहा:

"१ जानेवारी ते ३१ मार्च या काळात महापौर आणि टाउनशिप प्लॅनर यांच्यात ब्लॉक अमुक, लॉट तमुकच्या पुनर्झोनिंगबद्दल झालेले ईमेल, पीडीएफ स्वरूपात."

ईमेल मागताना तीन गोष्टी हव्यातच: कोण-कोणाला, कोणत्या तारखांत, कशाबद्दल. बजेट, बिलं, कंत्राटं, पगार हे एरवी लगेच द्यायचे कागद आहेत. निर्णयाआधीचे अंतर्गत सल्ले आणि कच्चे मसुदे मिळत नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

नकार मिळाला तर ४५ दिवसांत सुपीरियर कोर्ट, किंवा गव्हर्न्मेंट रेकॉर्ड्स काउन्सिलकडे तक्रार. तिथे वकील लागत नाही, पण वेळ लागतो. २०२४ ची दुरुस्ती लक्षात ठेवा. आधी जिंकलात की वकिलाची फी टाउनशिपकडून मिळायची. आता नकार अवाजवी, वाईट हेतूने किंवा जाणूनबुजून होता असं दिसलं तरच ती हक्काने मिळते, एरवी द्यायची की नाही हे निवाडा देणाऱ्यावर. त्यामुळे ओप्राचे खटले फुकट लढणारे वकील कमी झाले. अर्ज नेमका लिहिणं आता जास्तच गरजेचं.

खमंग_थालीपीठ

देवळाच्या विस्ताराला गावात विरोध होतोय, सगळा रोख पार्किंगवर. हे धर्मस्वातंत्र्यात येतं का?

पाऊणे_बारा

पार्किंग हा खरा प्रश्नही असतो आणि सोयीचा बहाणाही. फरक मोजून कळतो. बर्नार्ड्स टाउनशिपचं मशिदीचं प्रकरण बघा. ३९ सुनावण्या झाल्या, २०१५ च्या डिसेंबरमध्ये अर्ज फेटाळला. चर्चना तीन माणसांमागे एक गाडी हे प्रमाण लावलं जायचं, त्याने ५० जागा पुरल्या असत्या. मशिदीला १०७ मागितल्या. फेडरल कोर्टाने नेमकं तेच पकडलं, आणि २०१७ मध्ये टाउनशिपने ३२.५ लाख डॉलरला तडजोड केली. आधार २००० सालचा धार्मिक जमीन-वापराचा फेडरल कायदा.

तेव्हा देवळाने गावातल्या इतर प्रार्थनास्थळांचे मंजुरीचे ठराव ओप्राने काढावेत आणि प्रत्येकाला लावलेलं पार्किंगचं प्रमाण एका तक्त्यात मांडावं. सोबत गणपती आणि नवरात्रातल्या गर्दीचा वेगळा, खरा आराखडा द्यावा: शेजारच्या शाळेचं पार्किंग, शटल बस, पोलीस. "वर्षातून दोनच दिवस" म्हणून तो प्रश्न उडवून लावलात तर शेजाऱ्यांची तक्रार रास्त ठरेल.

सातवा_मैल

आमच्या एका काउन्सिल मेंबरने टीका केली म्हणून कित्येकांना फेसबुकवर ब्लॉक केलंय. हे चालतं का?

मधली_आळी

मार्च २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा एकमताचा निकाल आहे, मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनच्या सिटी मॅनेजरच्या पेजवरून. दोन कसोट्या: त्या विषयावर सरकारच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या माणसाला खरोखर आहे का, आणि त्या पोस्टमध्ये तो अधिकार वापरतोय असं दिसतं का. दोन्ही हवंच. नातवाचे आणि कुत्र्याचे फोटो टाकायच्या पेजवर तो कोणालाही हाकलू शकतो. त्याच पेजवर अधिकृत सूचना देत असेल तर मात्र ब्लॉक करणं महागात पडू शकतं, कारण ब्लॉक केलेला माणूस पेजवरच्या सगळ्याच पोस्टना मुकतो. एकट्या काउन्सिल मेंबरला टाउनशिपच्या वतीने बोलण्याचा अधिकार क्वचितच असतो, तेव्हा केस कमजोर वाटते. स्क्रीनशॉट ठेवा आणि आधी टाउनशिपच्या वकिलाला एक साधं पत्र पाठवा.

टेकडीवरचा_वाडा

थोडं अवांतर, पण इथे बऱ्याच घरांत पाळणा हलतोय म्हणून. जन्माने मिळणारं नागरिकत्व अध्यक्षांच्या आदेशाने बदलता येतं का?

रारीटनकाठ

इथे जन्मलेल्याला नागरिकत्व देणारी चौदावी दुरुस्ती १८६८ ची. १८९८ च्या वाँग किम आर्क खटल्यात, इथे स्थायिक चिनी आई-बापांचा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला मुलगा नागरिकच ठरला. २० जानेवारी २०२५ चा आदेश अवैधपणे राहणाऱ्यांइतकाच एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या आई-बापांच्या मुलांनाही धरून होता. लागू होण्याआधीच कोर्टांनी तो अडवला. त्याच वर्षी जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर लागू होणाऱ्या मनाईहुकुमांना लगाम घातला, तेव्हा भांडण क्लास ॲक्शनच्या (एका अख्ख्या गटाच्या वतीने केलेल्या दाव्याच्या) वाटेने गेलं.

माझं मत विचाराल तर घटना बदलायची वाट घटनेतच दिलीय: दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं. ती अवघड आहे म्हणून सहीच्या पेनाने जायचं नसतं. पण यावर वेगळा धागा काढा, इथे पार्किंग आणि झोनिंग चालू दे.

सातवा_मैल

तीन मिनिटांत बोलायचं काय ते कोणी लिहिलंच नाही!

पाऊणे_बारा

तीनशे शब्द, त्याहून जास्त नाही. घाबरलेला माणूस भरभर बोलतो हे धरूनही.

पहिलं वाक्य: नाव, रस्ता, ऑर्डिनन्सचा नंबर. दुसरं: मागणी. "दुसरं वाचन पुढच्या मीटिंगपर्यंत तहकूब करा" किंवा "विरोधात मत द्या". मग दोनच कारणं, एक आकड्याचं आणि एक जागेवरचं. शेवटी मागणी पुन्हा. मागच्या वक्त्याने तेच सांगितलं असेल तर "मी सहमत आहे" म्हणून खाली बसा. दहा जण जाणार असाल तर विषय वाटून घ्या: एकाकडे पूर, एकाकडे शाळेची बस, एकाकडे टॅक्सचा हिशोब. चेअरमनचं लक्ष घड्याळावर असतं, क्लर्कचं टिपणावर. म्हणून लिहिलेली प्रत क्लर्कला द्या आणि रेकॉर्डला जोडा म्हणून सांगा.

प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत उभं राहू नका. तुमचा वेळ चालूच असतो आणि त्यांच्यावर उत्तर द्यायची सक्ती नसते.

मधली_आळी

आणि बंद दाराआड गेले तर लक्ष ठेवा. आत जाण्याआधी उघड्या सभेत ठराव करून विषयाचं सर्वसाधारण स्वरूप आणि ते कधी उघड करणार हे सांगावं लागतं. "पर्सोनेल अँड लिटिगेशन" (कर्मचारी आणि खटले) एवढं पुटपुटून उठले तर क्लर्ककडे तो ठराव मागा. कायदा मोडून काही निर्णय झाला असं वाटलं तर तो रद्द करून घ्यायची मुदत निर्णय जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांची. आधी मिनिट्स (सभेचं इतिवृत्त) मंजूर होऊ देत म्हणून थांबू नका. मीटिंगचं रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी मागा.

शिवणापाणी

टॅक्स मॅपवर रेघ ओढली. चर्च धरून २३ टक्के भरतंय.

रारीटनकाठ

अजून दोन लॉट मिळवा. आणि चर्चची सही पाद्रीची नको, ट्रस्टीची घ्या.